अणूंचे नाते आणि परिसराची खरखर

क्वांटम संगणकाच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे परिसरातून येणारी खरखर. मात्र ही खरखर अणूंमधील सर्व सहसंबंध सारख्याच रीतीने पुसत नाही, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. त्याचा हा आढावा.

रेडिओवर दूरचे केंद्र लावले, की गाण्याबरोबर खरखरही ऐकू येते. गाणे केंद्रातून आलेले असते. खरखर मात्र कोणी पाठवलेली नसते. आकाशातील विजा, शेजारच्या घरातील यंत्रे, खुद्द रेडिओच्या तारांत उष्णतेमुळे चाललेली इलेक्ट्रॉनांची चुळबुळ अशा असंख्य कारणांची ती गोळाबेरीज असते. भौतिकशास्त्रात तिला ‘नॉइज’ म्हणतात. अणूंनाही अशीच खरखर सोसावी लागते. रेडिओवरील गाणे तिच्यामुळे केवळ अस्पष्ट होते. दोन अणूंमधील नाते मात्र तिच्यामुळे पूर्णपणे पुसले जाऊ शकते.

हे नाते म्हणजे सहसंबंध. क्वांटम संगणक, अतिसूक्ष्म मापने करणारी उपकरणे आणि नव्या पिढीची अणुघड्याळे यांची भिस्त या सहसंबंधांवर आहे. ते किती काळ टिकतात, यावर या तंत्रज्ञानाचे भवितव्य अवलंबून आहे. म्हणूनच खरखरीत कोणते नाते आधी तुटते, कोणते उशिरा आणि का, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

मोजे आणि अणू

सहसंबंध दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार रोजच्या व्यवहारातील. बेलफास्टमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९८१ मधील एका निबंधात त्याचे मजेदार उदाहरण दिले होते. त्यांचे व्हिएन्नाचे सहकारी राइनहोल्ड बर्टलमान हे दोन पायांत नेहमी दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालत. एका पायात गुलाबी मोजा दिसला, की दुसरा न पाहताही तो गुलाबी नाही हे निश्चित समजे. यात गूढ असे काही नाही. मोजांचे रंग सकाळी घरीच ठरलेले असतात. पाहणाऱ्याला ते नंतर कळतात, एवढेच. अशा सहसंबंधाला ‘अभिजात’ म्हटले जाते.

दुसरा प्रकार अणूंच्या जगातील. दोन अणू विशिष्ट पद्धतीने एकत्र तयार केले, तर त्यांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. सांगता येते ती फक्त जोडीची अवस्था. या गुंफणीला ‘एन्टँगलमेंट’ म्हणतात. अशा जोडीतील अणूंचे स्पिन उभ्या, आडव्या किंवा तिरप्या अशा कोणत्याही दिशेने मोजले, तरी दोन्हीकडे एकच दिशा निवडलेली असल्यास उत्तरे नेहमी परस्परांच्या विरुद्ध येतात. मोजांचे नाते केवळ रंगापुरते असते. येथे विचाराल त्या प्रश्नाला नाते कायम राहते. ही उत्तरे मोजांच्या रंगांप्रमाणे आधीच ठरलेली असती, तर निरनिराळ्या दिशांच्या मापनांतील सहसंबंधांना एक कमाल मर्यादा पडली असती, असे बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवून दिले. प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रूपात ही मर्यादा २ आहे. क्वांटम सिद्धान्तानुसार मात्र हा आकडा सुमारे २.८३ पर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत स्टुअर्ट फ्रीडमन व जॉन क्लाउझर यांनी १९७२ मध्ये आणि फ्रान्समध्ये अॅलन अॅस्पे यांनी १९८२ मध्ये कॅल्शियमच्या अणूंतून जोडीने बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांवर प्रयोग करून निसर्ग ही मर्यादा ओलांडतो, हे सिद्ध केले.

माहितीच्या मापात हा फरक नेमका सांगता येतो. मोजांच्या जोडीतील सहसंबंध, दोनच रंगांची समान शक्यता धरली तर, एक बिटचा असतो आणि तो सर्वच्या सर्व अभिजात असतो. पूर्णपणे एन्टँगल्ड झालेल्या दोन द्विस्तरीय अणूंमध्ये एकूण सहसंबंध दोन बिटचा असतो. त्यातील एक बिट अभिजात आणि एक बिट क्वांटम. म्हणजे एकाच जोडीत दोन्ही प्रकारची नाती शेजारी शेजारी नांदत असतात. परिसराच्या खरखरीत त्यांचे काय होते, हा पुढचा प्रश्न.

परिसर काय करतो?

अणू कितीही काळजीपूर्वक एकटा ठेवला, तरी तो खऱ्या अर्थाने एकटा नसतो. निर्वात नळीत उरलेले वायूचे रेणू त्याला धडकतात. भिंतींतून निघणारे उष्णतेचे प्रारण त्याच्यावर पडते. प्रयोगशाळेतील विद्युतवाहिन्यांमुळे चुंबकीय क्षेत्र सतत थरथरत असते. प्रकाश आणि पदार्थ सारे दूर केले, तरी खुद्द निर्वात अवकाशातील विद्युतचुंबकीय क्षेत्र शांत नसते आणि त्यामुळे उत्तेजित अणू आपली ऊर्जा उत्स्फूर्तपणे प्रकाशरूपात टाकून देतो. रुबिडियमच्या अणूची एक नेहमीच्या वापरातील उत्तेजित अवस्था जेमतेम २६ नॅनोसेकंद टिकते.

या खरखरीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात अणू ऊर्जा गमावतो. दुसऱ्या वर्गात ऊर्जा तशीच राहते. बिघडते ती ‘कला’. दोन झोके एकाच लयीत हेलकावत असावेत आणि त्यांतील एकाला कोणीतरी अधूनमधून नकळत धक्का द्यावा, म्हणजे थोड्याच वेळात लय चुकते. झोके चालूच असतात, पण त्यांचा मेळ नाहीसा झालेला असतो. चुंबकीय क्षेत्रातील अनियमित चढउतार अणूंच्या बाबतीत हेच करतात.

दोन्ही मार्गांनी होणाऱ्या या ऱ्हासाला ‘डीकोहिरन्स’ म्हणजे सुसंगतिभंग असे नाव आहे. जर्मनीचे हाइन्झ-डिटर झे यांनी १९७० मध्ये आणि पोलंडमध्ये जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ वोयचेख झुरेक यांनी १९८१-८२ मध्ये या विचाराचा पाया घातला. अणू एकाच वेळी दोन अवस्थांत असू शकतो, मग टेबल किंवा मांजर का नाही, या जुन्या कोड्याला त्यातून एक उत्तर मिळाले. वस्तू जितकी मोठी, तितका परिसर तिची अधिक ‘चौकशी’ करतो आणि तितक्याच झपाट्याने तिचे क्वांटमपण झाकोळले जाते.

पॅरिस आणि बोल्डरचे प्रयोग

हा ऱ्हास प्रत्यक्ष घडताना प्रथम पाहिला गेला तो पॅरिसमध्ये. सर्ज हारोश यांच्या गटाने १९९६ मध्ये अतिसंवाहक आरशांच्या मधल्या पोकळीत थोड्याशा मायक्रोवेव्ह फोटॉनांचे क्षेत्र साठवले आणि त्यातून रुबिडियमचा एक अणू पाठवला. त्या अणूमुळे क्षेत्र एकाच वेळी दोन भिन्न कलांच्या अवस्थांत गेले. काही काळाने दुसरा अणू पाठवून दोन्ही अणूंच्या मापनांतील सहसंबंध तपासण्यात आला. दोन अणूंमधील वेळ वाढवत नेला, तसा सहसंबंध ओसरत गेला. आणि क्षेत्राच्या दोन अवस्थांत अंतर जितके अधिक, तितका तो लवकर ओसरला. पोकळीतून निसटणारे फोटॉन हीच येथील खरखर होती.

अमेरिकेत बोल्डर येथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत डेव्हिड वाइनलँड यांच्या गटाने २००० मध्ये उलट वाट धरली. त्यांनी विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात बेरिलियमचा एकच आयन धरून ठेवला आणि त्याच्यावर मुद्दाम, मोजूनमापून खरखर सोडली. सुसंगती नष्ट होण्याचा वेग अध्यारोपित अवस्थांतील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे त्यातून पडताळता आले. अंतर दुप्पट, तर ऱ्हास चौपट वेगाने. हारोश आणि वाइनलँड यांना २०१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

आकस्मिक मृत्यू

एका अणूची सुसंगती साधारणपणे घातांकी रीतीने, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे घटते. ठरावीक काळाने निम्मी, मग पाव, मग दोन आणे. पण पूर्ण शून्य कधीच नाही. दोन अणूंचे एन्टँगलमेंटही असेच विरत जाईल, अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील तिंग यू आणि जोसेफ एबर्ली यांनी २००४ मध्ये ती खोटी ठरवली. एकमेकांपासून दूर, आपापल्या स्वतंत्र परिसरात असलेल्या दोन अणूंचा विचार त्यांनी केला. प्रत्येक अणूची सुसंगती हळूहळू विरत असतानाच त्यांच्यातील एन्टँगलमेंट मात्र एका निश्चित क्षणी पूर्णपणे संपू शकते, असे त्यांचे गणित सांगत होते. याला ‘एन्टँगलमेंटचा आकस्मिक मृत्यू’ असे नाव पडले.

हे घडण्याचे कारण समजण्यास फार अवघड नाही. जोडीच्या सर्व संभाव्य अवस्थांचा एक मोठा मुलूख कल्पिला, तर त्यात एन्टँगलमेंट नसलेल्या अवस्था म्हणजे एखादा बिंदू किंवा बारीक रेघ नव्हे. तो एक ऐसपैस प्रदेश आहे. खरखरीच्या रेट्याने सरकत जाणारी अवस्था त्या प्रदेशाची वेस ओलांडते, त्याच क्षणी एन्टँगलमेंट संपते. तिचा पुढचा प्रवास चालू राहतो, पण तो वेशीच्या आतला असतो.

ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरो येथील लुईझ दाविदोविच यांच्या गटाने २००७ मध्ये प्रकाशकणांच्या साहाय्याने हे प्रयोगात दाखवले. प्रारंभी एन्टँगलमेंट अगदी सारखे असलेल्या दोन अवस्था त्यांनी घेतल्या. एकीत दोन्ही घटक ‘उत्तेजित’ असण्याचा वाटा अधिक होता, दुसरीत कमी. पहिलीला आकस्मिक मृत्यू आला. दुसरी हळूहळू विरत गेली. म्हणजे नात्याचे आयुष्य त्याच्या प्रारंभीच्या बळावरून सांगता येत नाही. ते कोणत्या घडणीचे आहे, हेही पाहावे लागते.

मृत्यू नेहमी अंतिम असतो असेही नाही. इटलीतील पालेर्मोच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवल्यानुसार, परिसराला ‘स्मरण’ असेल, म्हणजे त्याने घेतलेली माहिती काही काळ त्याच्यातच रेंगाळत असेल, तर संपलेले एन्टँगलमेंट पुन्हा उगवू शकते.

एन्टँगलमेंट संपले, नाते उरले

क्वांटम सहसंबंध म्हणजे एन्टँगलमेंट, असेच दीर्घकाळ मानले जात होते. २००१ मध्ये हॅरॉल्ड ऑलिव्हिए व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे लिआ हेंडरसन व व्लात्को वेद्राल यांनी या समजुतीला धक्का दिला. एका अणूवर कोणतेही मापन करून दुसऱ्याविषयी जास्तीत जास्त जी माहिती मिळते, ती अभिजात सहसंबंधाची. एकूण सहसंबंधातून ती वजा केली, की उरतो तो क्वांटम अंश. झुरेक यांनी त्याला ‘डिस्कॉर्ड’ म्हटले. विशेष म्हणजे एन्टँगलमेंट मुळीच नसलेल्या जोडीतही डिस्कॉर्ड असू शकतो.

खरखरीपुढे डिस्कॉर्ड अधिक चिवट ठरतो. डिस्कॉर्ड शून्य असलेल्या अवस्था त्या मुलखात अत्यंत विरळ आहेत. त्यांना प्रदेश असा नाहीच. त्यामुळे स्मरणहीन परिसरात डिस्कॉर्ड कमी कमी होत जातो, पण वेस ओलांडून एकदम नाहीसा होत नाही.

याहून चकित करणारा निष्कर्ष २०१० मध्ये फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठातून आला. लाउरा माझ्झोला, युर्की पिलो आणि साब्रिना मानिस्काल्को यांनी कला बिघडवणाऱ्या खरखरीत विशिष्ट प्रकारच्या जोड्यांचे काय होते, याचे गणित मांडले. पहिल्या टप्प्यात केवळ अभिजात सहसंबंध घटतो आणि क्वांटम डिस्कॉर्ड जसाच्या तसा राहतो. मग एका ठरावीक क्षणी भूमिका बदलतात: अभिजात सहसंबंध गोठतो आणि घट सुरू होते ती क्वांटम अंशाची. क्वांटम तेवढे नाजूक आणि अभिजात तेवढे टिकाऊ, या सर्वमान्य समजुतीच्या हे थेट विरुद्ध होते. चीनमधील हफेइ येथे २०१० मध्ये प्रकाशकणांवर आणि ब्राझीलमध्ये २०११ मध्ये एनएमआर तंत्राने अणुकेंद्रकांवर केलेल्या प्रयोगांत हा बदल प्रत्यक्ष आढळला.

अभिजात सहसंबंध गोठण्यालाही मोठा अर्थ आहे. मापनयंत्राचा काटा एका आकड्यावर स्थिर दिसतो आणि तो पाहणाऱ्या प्रत्येकाला सारखाच दिसतो. क्वांटम जगातून हे स्थैर्य येते कोठून, याचा धागा या गोठण्यात सापडतो. परिसर जे पुसू शकत नाही, तेच अखेरीस सर्वांना दिसणारे वास्तव म्हणून उरते.

एकच खरखर, दोन परिणाम

आतापर्यंतच्या उदाहरणांत बहुतेकदा प्रत्येक अणूचा परिसर वेगळा होता. सापळ्यातील आयन मात्र एकमेकांपासून काही मायक्रोमीटरवर असतात आणि चुंबकीय क्षेत्राची थरथर त्यांना एकदमच जाणवते. अशा सामाईक खरखरीचे परिणाम दोन टोकांचे असतात.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे रायनर ब्लाट यांच्या गटाने २००४ मध्ये कॅल्शियमच्या दोन आयनांच्या वेगवेगळ्या एन्टँगल्ड जोड्या तयार केल्या. ज्या जोडीत ‘एक वर, दुसरा खाली’ आणि ‘एक खाली, दुसरा वर’ या शक्यतांचे मिश्रण होते, ती तोवर नोंदल्या गेलेल्या आयुर्मानापेक्षा हजारपट टिकली. दोन घड्याळे सारखीच पुढे गेली, तर त्यांच्यातील फरक बदलत नाही. तसाच हा प्रकार. बोल्डरच्या गटाने २००१ मध्येच बेरिलियमच्या आयनांवर हाच आडोसा वापरून साठवणुकीचा काळ दसपटीपर्यंत वाढवून दाखवला होता.

त्याच इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत २०११ मध्ये १४ आयन एकत्र एन्टँगल करण्यात आले. या वेळी मिश्रण होते ‘सर्व वर’ आणि ‘सर्व खाली’ या अवस्थांचे. येथे प्रत्येक आयनाची चूक एकाच दिशेने साचत गेली आणि ऱ्हासाचा वेग आयनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढला. आयन दुप्पट केले, की ऱ्हास चौपट. क्वांटम संगणक मोठा करताना नेमकी कोणती अडचण दबा धरून बसली आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

उपायांची दिशा

खरखर पूर्णपणे बंद करता येत नाही. तिच्याशी जुळवून घेता येते. चुंबकीय क्षेत्र अडवणारी धातूची कवचे आणि वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या लयीशी प्रयोगाची वेळ जुळवणे, हे प्राथमिक उपाय झाले. त्यापुढचा उपाय एर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधलेल्या ‘स्पिन एको’ तंत्रातून आला. अणूला मध्यावर स्पंद देऊन उलटवले, की आधी साचलेली चूक नंतरच्या चुकीने फिटते. खरखर मंद गतीची असेल, तर हा उपाय विशेष लागू पडतो. असे अनेक स्पंद ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली. बोल्डर येथे २००९ मध्ये खरखरीच्या स्वरूपानुसार स्पंदांच्या वेळा बदलून अधिक चांगले परिणाम मिळवण्यात आले. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये यिटर्बियमच्या एका आयनाची सुसंगती तासाभराहून अधिक टिकेल, असा अंदाज मोजमापांवरून दिला.

तिसरा मार्ग चुका दुरुस्त करण्याचा. एका क्युबिटची माहिती अनेक अणूंवर पसरून ठेवायची आणि एखादा अणू बिघडला तर इतरांवरून ती सावरायची. हार्वर्ड विद्यापीठातील मिखाइल लुकिन यांच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुबिडियमच्या २८० पर्यंत अणूंचा वापर करून ४८ पर्यंत तार्किक क्युबिट चालवून दाखवले.

भारतासाठीही हा प्रश्न दूरचा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मोहिमेत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तिच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. अणूंवर आधारित चुंबकमापक आणि अणुघड्याळे विकसित करणे, हाही मोहिमेचा भाग आहे.

याच ठिकाणी खरखरीची दुसरी बाजू दिसते. चुंबकीय क्षेत्राच्या बारीकशा थरथरीने अणूंची कला बिघडते, म्हणून संगणक बांधणाऱ्याला ती शत्रू वाटते. पण अणू इतक्या बारीक बदलाची नोंद घेतो, म्हणूनच तो उत्तम चुंबकमापकही ठरतो. एकाची खरखर ती दुसऱ्याची बातमी. कोणत्या जातीची खरखर कोणते नाते तोडते आणि कोणते अबाधित ठेवते, याचा हिशेब नेमका मांडता आला, तरच या दोन्ही वाटा पुढे जातील.

महत्त्वाचे टप्पे

१९३५ : आइन्स्टाइन, पोडॉल्स्की व रोझेन यांचा शोधनिबंध, श्रोडिंगर यांच्याकडून ‘एन्टँगलमेंट’ या संज्ञेचा वापर.
१९६४ : जॉन बेल यांची असमानता.
१९७० : डिटर झे यांच्याकडून परिसराच्या भूमिकेची मांडणी.
१९९६ : पॅरिसमध्ये सुसंगतिभंगाचे प्रत्यक्ष निरीक्षण.
२००१ : ‘डिस्कॉर्ड’ची संकल्पना.
२००४ : एन्टँगलमेंटच्या आकस्मिक मृत्यूचे गणित, २००७ मध्ये प्रयोगाने पुष्टी.
२०१० : अभिजात व क्वांटम ऱ्हासामधील आकस्मिक बदलाचे गणित व प्रयोग.
२०२२ : अॅस्पे, क्लाउझर व आंतोन झाइलिंगर यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक.